पेशी चालते कशी, आणि ते बघायचं कसं

"पसरलाय हो." कॅन्सरच्या बाबतीत हा एक शब्द कानावर पडला की घरातली सगळी माणसं गप्प होतात. पुढचं काही विचारायची गरजच उरत नाही. पण मला हा शब्द नेहमीच थोडा फसवा वाटत आलाय. पसरते ती शाई, टीपकागदावर. पसरतं ते सांडलेलं दूध. त्यात कुणी काही करत नाही, ते आपसूक होतं. कॅन्सरचं तसं नाही. तिथे एकेक पेशी आपला शेजार सोडते, वाटेतलं कुंपण कुरतडते, रक्ताच्या किंवा लसिकेच्या नळीत शिरते, दूर कुठेतरी उतरते आणि तिथे बिऱ्हाड मांडते. म्हणजे ती चक्क चालत जाते. कॅन्सरने दगावणारी बहुतेक माणसं मूळ गाठीमुळे दगावत नाहीत, या चालण्यामुळे दगावतात.

तर मंडळी, या विकांताचा विषय हा : पेशी चालतात हे बघितलं कुणी, आणि ते मोजायच्या पद्धती कशा निघाल्या. मी डॉक्टर नाही, जीवशास्त्रज्ञ तर नाहीच नाही. सोमवार ते शुक्रवार कोड लिहिणारा माणूस. पण एखादी गोष्ट मोजायची कशी, आणि मोजलं ते आपल्याला हवं होतं तेच आहे का, हा प्रश्न आमच्या धंद्यातही रोजचाच. म्हणून या इतिहासात मी जरा जास्तच रमलो.

सुरुवात मेलेल्या माणसांपासून झाली. १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट नावाच्या लंडनच्या सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी काढून बसून वाचल्या. रक्त तर सगळ्या शरीरभर फिरतं, मग गाठी सगळीकडे सारख्याच यायला हव्यात. पण तसं दिसेना. यकृतात फार, प्लीहेत फारच कमी. त्यावरून त्याने मांडलं की पेशी म्हणजे बी, आणि अवयव म्हणजे माती. बी वाऱ्याबरोबर सगळीकडे जातं, उगवतं मात्र मानवेल त्याच जमिनीत. वाडा-शहापूरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, "मग, यात नवीन काय?" पण पॅजेटच्या हातात फक्त शेवटची स्थिती होती. प्रोग्रॅम कोसळल्यावर लॉग वाचत बसावं तसं. बी चालतं कसं, हे त्याला दिसणं शक्यच नव्हतं.

ते दिसायला पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवता यायला हव्यात. टिश्यू कल्चर म्हटलं की आपल्याला आधी जळगावची केळी आठवतात, पण प्राण्यांच्या पेशींच्या टिश्यू कल्चरचा जन्म मुळात हालचाल बघण्यासाठीच झाला, हे मला हे सगळं वाचेपर्यंत ठाऊक नव्हतं. १९०७ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉस हॅरिसन याने बेडकाच्या गर्भातला मज्जासंस्थेचा एक बारीकसा तुकडा घेतला, लसिकेच्या थेंबात ठेवला आणि तो थेंब काचेखाली उलटा टांगला. वाद असा होता की मज्जातंतू पेशीतून वाढत बाहेर येतो, की आधीच कुठेतरी तयार असतो? हॅरिसनने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तंतूचं टोक पुढे सरकताना प्रत्यक्ष पाहिलं. वाद संपला.

त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये पुढे जॉर्ज गाय आला. (आडनावाचा उच्चार खरंच 'गाय' असाच आहे, मी काही करू शकत नाही :) ) हा माणूस अर्धा शास्त्रज्ञ, अर्धा जुगाडू मेकॅनिक. भंगारातून सामान आणून यंत्रं बनवायचा. पेशींच्या नळ्या हळूहळू गोल फिरत राहाव्यात म्हणून त्याने एक ड्रम बनवला. पेशींना कधी द्रव मिळावा, कधी हवा. दुसरं म्हणजे त्याने सूक्ष्मदर्शकाला सिनेमाचा कॅमेरा जोडला. थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घ्यायची आणि मग भरभर चालवायची. जिवंत पेशी नुसत्या डोळ्याला ढिम्म वाटते, कारण ती तासाभरात केसाच्या जाडीइतकी सरकली तरी डोक्यावरून पाणी. पण फिल्म पळवली की तीच पेशी कडा फडफडवत, पाय रोवत, शेपूट ओढत जाताना दिसते. याच गायच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेनरिएटा लॅक्स या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून 'हेला' पेशी वाढवल्या गेल्या. माणसाच्या शरीराबाहेर अखंड वाढत राहिलेली ही पहिली पेशींची वंशावळ. लॅक्स त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

आणि आता आपल्या गावची गोष्ट. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवून एक मराठी बाई या गायकडे शिकायला गेली. कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ, जन्म पुण्याचा, १९१७ चा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा, पण या बाई वनस्पतिशास्त्राकडे वळल्या आणि एम. एस्सी. केली ती सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर. लग्न होऊन मुंबईत आल्या आणि परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली काम सुरू केलं. सीताफळ ते स्तनाचा कॅन्सर, हा प्रवास कुठल्याही करिअर काउन्सेलरच्या तक्त्यात बसणारा नाही.

खानोलकरांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. टाटा मेमोरियल १९४१ मध्ये उघडलं, आणि कॅन्सरवर नुसते उपचार करून भागणार नाही, संशोधनही इथेच व्हायला हवं, असं म्हणणारे हे पॅथॉलॉजिस्ट. १९५२ मध्ये परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झालं, खानोलकर त्याचे संचालक. रणदिवे अमेरिकेहून परत आल्या आणि त्यांनी तिथे टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली, देशातली या प्रकारची पहिली. वाचताना हे वाक्य सहज निघून जातं. पण जरा विचार करा : पन्नाशीच्या दशकातली मुंबई. पेशींना सतत ३७ अंश तापमान हवं. काचेचं एकेक भांडं असं धुवायचं की साबणाचा कणही राहता कामा नये. खाद्य म्हणून रक्तातलं सीरम, ते जंतुविरहित राहायला हवं. हवेत बुरशी, पावसाळ्यात तर विचारूच नका. आणि विकत आणलेली तयार बाटली नावाचा प्रकार नाही. अशा ठिकाणी पेशी महिनोन्महिने जगवायच्या, हेच एक मोठं काम होतं. रणदिव्यांनी पुढे उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरवर आयुष्यभर काम केलं, १९६६ ते १९७० संस्थेची धुरा सांभाळली, १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढली आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २०२१ मध्ये गूगलने त्यांच्या वाढदिवशी डूडल केलं, तेव्हा आमच्या हापिसातल्या अर्ध्या लोकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

असो. पेशी जगायला लागल्या. आता त्यांचं चालणं मोजायचं.

मला यातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं ते लंडनच्या मायकेल ॲबरक्रॉम्बी आणि जोन हीझमन यांचं, १९५३-५४ चं. त्यांनी लेखांना नाव दिलं होतं पेशींच्या 'सामाजिक वर्तना'विषयी. कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाचे दोन बारीक तुकडे काचेवर जवळजवळ ठेवायचे. दोन्हींतून पेशी बाहेर पडून चालू लागतात आणि मधल्या मोकळ्या जागेत एकमेकींना भिडतात. भिडल्या की काय होतं? त्या थांबतात. पुढची फडफडणारी कड शांत होते, आणि पेशी दिशा बदलून मोकळी जागा शोधते. एकमेकींच्या अंगावर चढत नाहीत. नंतर १९५७ मध्ये त्यांनी एका बाजूला उंदराच्या सार्कोमाच्या म्हणजे कॅन्सरच्या पेशी ठेवल्या. त्या थांबल्याच नाहीत. सरळ समोरच्या गर्दीत घुसल्या. लोकलमध्ये दारात उभं राहून आत जागा आहे का बघणारी माणसं आणि खांद्याने ढकलत घुसणारी माणसं, तसा फरक. कॅन्सरची पेशी जोरात पळते असं नाही, तिला थांबायचं कळत नाही. हे एका काचेवर, दोन तुकड्यांत, मोजून दाखवता आलं.

पण पेशी कुणाच्या हाकेला ओ देऊन जातात का, हे त्या प्रयोगात कळत नव्हतं. ते कोडं सोडवलं स्टीफन बॉयडन याने, १९६२ मध्ये, ऑस्ट्रेलियात कॅनबेराला. त्याला कॅन्सरशी देणंघेणं नव्हतं, तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या मागे होता. त्याची युक्ती म्हणजे दोन खणांचा डबा. मध्ये बारीक छिद्रांचा पडदा. वरच्या खणात पेशी सोडायच्या, खालच्यात ज्याचा वास लागावा असं रसायन. काही तासांनी पडदा काढायचा, रंगवायचा, आणि किती पेशी छिद्रांतून अंग चोरून पलीकडे गेल्या ते मोजायचं. आज कॅन्सरच्या पेशींसाठी बहुतेक ८ मायक्रॉन छिद्राचा पडदा वापरतात. पेशी त्याहून मोठी असते, म्हणजे ती नुसती घरंगळून खाली पडत नाही, तिला कष्ट करून जावं लागतं. गंमत म्हणजे बॉयडन पुढे हे सगळं सोडून माणसं शहरात कशी जगतात या अभ्यासाकडे वळला आणि हाँगकाँग शहरावर त्याने मोठं काम केलं. त्याचा डबा मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत राहिला.

या डब्यात एक बग होता. खाली रसायन ठेवल्यावर जास्त पेशी पलीकडे गेल्या, म्हणजे त्या रसायनाच्या दिशेने गेल्या की रसायनामुळे नुसत्याच सैरावैरा जास्त पळायला लागल्या? दोन्हीत पलीकडचा आकडा वाढणारच. १९७३ मध्ये सॅली झिगमंड आणि जेम्स हर्श यांनी यावर बुद्धिबळाच्या पटासारखा उपाय काढला. वर शून्य खाली शून्य, वर थोडं खाली थोडं, वर जास्त खाली काही नाही, अशा सगळ्या जोड्या करून बघायच्या. दोन्हीकडे सारखंच रसायन असताना आकडा वाढला तर तो नुसता चुळबुळेपणा. खाली जास्त असतानाच वाढला तर खरी दिशा. टेस्ट केस लिहिणाऱ्या माणसाला हे वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण चाचण्यांची संख्या कितीतरी पट होते, म्हणून घाईत असलेले लोक आजही हा पट मांडायचा टाळतात. आमच्या धंद्यात काय वेगळं चालतं?

याच सुमाराला एक मराठी नाव पुन्हा दिसतं. १९७१ मध्ये ए. एन. भिसे आणि फ्रीड यांनी दाखवलं की कोल्चिसिन दिलं की मॅक्रोफेज पेशी एकदम अमीबासारख्या चालू लागतात. कोल्चिसिन म्हणजे पेशीतल्या सूक्ष्मनलिकांचा सांगाडा मोडणारं विष. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात लाल-पिवळी फुलं येणाऱ्या कळलावीच्या कंदातही ते असतं. म्हणजे पेशीचा एक सांगाडा मोडला तरी ती चालायची थांबत नाही, चाल बदलते. हा धडा पुढे कॅन्सरमध्ये फार महागात पडला. पेशीची एक वाट औषधाने बंद केली की ती दुसऱ्या चालीने निघते.

आता सगळ्यात स्वस्त पद्धत, जी आज कुठल्याही एम. एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये दिसते. ओरखडा. प्लास्टिकच्या ताटलीत पेशींचा सलग गालिचा वाढू द्यायचा, पिपेटच्या टोकाने मधोमध रेघ ओढायची आणि दर काही तासांनी फोटो काढायचा. कडेच्या पेशी मोकळी जागा बघून आत सरकतात आणि भेग बुजत जाते. इथे शेलारला माझ्या खिडकीखाली यंत्रमागांचा खटखटाट चालू असतो, त्यामुळे मला ही पद्धत पटकन कळली. मागावर तार तुटली, धोटा अडकला, तर कापडात जी फट पडते तिला कुणीतरी हात लावल्याशिवाय ती भरत नाही. पेशींचं कापड स्वतःच स्वतःला रफू करतं. १९६५ मध्ये टोडारो, ग्रीन आणि मंडळींनी असाच ओरखडा काढला होता तो पेशी फुटून वाढतात कधी हे बघायला. म्हणजे मूळ प्रश्न विभाजनाचा होता, चालण्याचा नव्हता. आणि तोच या पद्धतीचा कच्चा दुवा आहे. फट बुजली ती पेशी चालल्या म्हणून, की तिथल्या तिथे एकीच्या दोन झाल्या म्हणून? काळजी घेणारी माणसं सीरम कमी करतात, किंवा विभाजन थांबवणारं मायटोमायसिन घालतात, आणि चोवीस तासांच्या आत मोजणं आटोपतात. बाकीची भेग बुजली म्हणून मोकळी होतात.

फोटो मोजायचं कामही एक गोष्ट आहे. आधी लोक प्रिंट काढून पट्टीने मोजायचे. १९८७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रॅसबँड या माणसाने मॅकिन्टॉशसाठी चित्रं मोजणारा एक प्रोग्रॅम लिहिला, आणि १९९७ मध्ये तोच नव्याने जावात लिहिला : इमेजजे. फुकट, सोर्स उघडा, कुणीही प्लगइन जोडावं. परदेशी सॉफ्टवेअरचं लायसन्स न परवडणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी प्रयोगशाळा याच्या जिवावर उभ्या आहेत. या क्षेत्रात आमच्या जातकुळीतल्या एका माणसाने केलेलं हे काम मला मोठमोठ्या शोधांच्या बरोबरीचं वाटतं. पक्षपात असेल तर असो.

आणि इव्हार गियेव्हर! भौतिकशास्त्राचं १९७३ चं नोबेल मिळाल्यावर हा माणूस जीवशास्त्रात शिरला. १९८४ मध्ये त्याने आणि चार्ल्स कीज याने पेशी सोन्याच्या इलेक्ट्रोडवर वाढवल्या आणि विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा मोजला. पेशी हलली की आकडा हलतो. फोटोच नको.

इथपर्यंत सगळं सपाट काचेवर किंवा प्लास्टिकवर. शरीरात असं मैदान कुठे असतं? तिथे पेशीभोवती धाग्यांचं दाट विणकाम असतं, ताणा-बाणा कळणार नाही असं. १९८७ मध्ये अल्बिनी आणि सहकाऱ्यांनी बॉयडनच्या पडद्यावर मॅट्रिजेलचा थर दिला. मॅट्रिजेल म्हणजे उंदराच्या एका विशिष्ट गाठीतून काढलेला गर. फ्रिजमध्ये पातळ, उबेत घट्ट होणारा. आता पेशीला नुसतं चालून भागेना, वाट कुरतडावीही लागू लागली. चालणं आणि घुसखोरी हे दोन वेगळे आकडे झाले. त्याच्या आधी १९७० मध्ये आयझाया फिडलरने उंदरांच्या शिरेत किरणोत्सारी खूण केलेल्या कॅन्सरपेशी सोडून दाखवलं होतं की त्यातल्या बहुतेक सगळ्या चोवीस तासांत मरतात. हजार पेशी सोडल्या तर त्यातली एकसुद्धा नवी गाठ धरेलच असं नाही. म्हणजे काचेवर पळणारी पेशी शर्यत जिंकते, पण खरी परीक्षा पुढे कितीतरी टप्प्यांची.

शर्यतीवरून आठवलं, २०११ मध्ये खरोखरच पेशींची जागतिक शर्यत झाली होती. जगभरातून ५४ प्रकारच्या पेशी मागवल्या, काही मायक्रॉन रुंदीच्या चिकट रेघांवर त्यांना पळवलं आणि फिल्म काढली. पहिली आली सिंगापूरहून आलेली एक मूळपेशी, मिनिटाला ५.२ मायक्रॉन. हिशेब केला तर दिवसाला साडेसात मिलिमीटर. आमच्या घरातला मुंगळासुद्धा हसेल. पण गाठीपासून जवळच्या रक्तवाहिनीचं अंतर मिलिमीटरच्याही अंशात असतं, हे लक्षात घेतलं की हसू येत नाही.

आता परत घरी येऊ. काचेवर चालतात त्या पेशी कुणाच्या, हा प्रश्न लोक विसरतात. सगळं जग पाश्चात्त्य पेशंटांच्या पेशींवर प्रयोग करत होतं आणि आपल्याकडचा मोठा कॅन्सर तर तोंडाचा. मागावर रात्रपाळी काढायची म्हणजे झोप उडवायला गालात तंबाखू, हे भिवंडीत कुणाला सांगायला नको. १९९० मध्ये मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतून ताटके, भिसे, सुधा गांगल आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या गाठींतून चार नव्या पेशी-वंशावळी तयार केल्याचं जाहीर केलं. हेच ते कोल्चिसिनवाले भिसे. त्यातली एडब्ल्यू १३५१६ ही जिभेच्या कॅन्सरची वंशावळ पुढे कितीतरी प्रयोगांत वापरली गेली. २००२ मध्ये या संशोधनाचं बिऱ्हाड परळहून खारघरला ॲक्ट्रेकमध्ये गेलं. शेलारहून शिळफाटा-तळोजा मार्गे जायचं, ट्रॅफिकने दया केली तर दीड तास. तिथल्या सोराब दलाल यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं की प्लॅकोफिलिन ३ हे प्रथिन कमी केलं की आतड्याच्या कॅन्सरपेशींची एकमेकींवरची पकड सुटते, ओरखडा लवकर बुजतो आणि उंदरांत गाठी दूर जातात. हे प्रथिन दोन पेशींना जोडणाऱ्या टिचबटणांचा एक भाग आहे. बटणं उघडली की शर्टाचं काय होतं ते आपल्याला माहीतच आहे. इथे साधा ओरखडा आणि उंदीर दोघांनी एकच उत्तर दिलं, हे महत्त्वाचं. नेहमी देतात असं नाही.

पेशींची ओळखपाळख हा प्रकार किती गंभीर असू शकतो याचं एक उदाहरण. एमडीए-एमबी-४३५ नावाची वंशावळ वर्षानुवर्षं स्तनाचा कॅन्सर म्हणून दूरवर जाण्याच्या प्रयोगांत वापरली गेली. नंतर जनुकं तपासल्यावर कळलं की त्या पेशी त्वचेच्या मेलॅनोमाच्या आहेत. शेकडो लेखांमधला 'स्तनाचा' हा शब्दच चुकीचा. आता पेशी-बँका नमुना देण्याआधी त्याची जनुकीय ओळख पटवतात. आपल्याकडे पुण्याचं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र अशा वंशावळी सांभाळून संशोधकांना पुरवतं.

या सगळ्याचा पेशंटला उपयोग काय? दोन गोष्टी सांगतो, दोन्ही टाटाच्या.

तोंडाच्या छोट्या गाठीच्या पेशंटला मानेत काही लागत नसेल, तर मानेतल्या लसिकाग्रंथी आधीच काढाव्यात की गाठ दिसल्यावर? सर्जन लोकांत यावर अनेक दशकं मतभेद होते. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून चिठ्ठी टाकून पेशंटांचे दोन गट केले आणि २०१५ मध्ये निकाल दिला. आधीच ग्रंथी काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के हयात, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. पेशी हाताला लागायच्या कितीतरी आधी मानेपर्यंत चालत पोहोचलेल्या असतात, याचा याहून रोखठोक पुरावा कुठल्या काचेवर मिळणार?

दुसरी गोष्ट जास्त विलक्षण. १९९५ मध्ये लंडनला मुस्तफा जामगोझ यांच्या गटाला दिसलं की उंदराच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या आक्रमक पेशींत सोडियमच्या विद्युत्-वाहिन्या आहेत, म्हणजे एरवी मज्जातंतूत असतात त्या. गरीब स्वभावाच्या पेशींत त्या नाहीत. पफर माशाच्या विषाने त्या वाहिन्या बंद केल्या आणि पेशी बॉयडनच्याच घराण्यातल्या डब्यात, जेलच्या थरावर ठेवल्या. घुसखोरी कमी झाली. पुढे स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींतही तेच दिसलं. आता सोडियमच्या वाहिन्या बंद करणारं औषध तर दाताच्या प्रत्येक डॉक्टरकडे असतं. लिग्नोकेन. दाढ काढायच्या आधी टोचतात ते.

टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी आणि देशातल्या अकरा केंद्रांनी २०११ च्या डिसेंबरपासून स्तनाच्या कॅन्सरच्या १६०० बायकांवर ते करून पाहिलं. त्यांचा विचार असा की सर्जनचा चाकू लागतो, गाठ हाताळली जाते, ती वेळ पेशींना पळायला सगळ्यात सोयीची. म्हणून निम्म्या जणींना ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं. निम्म्यांना काही नाही. बाकी उपचार सारखेच. निकाल २०२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडला आणि २०२३ मध्ये छापून आला : पाच वर्षांनी लिग्नोकेनवाल्या गटात ९०.१ टक्के हयात, दुसऱ्या गटात ८६.४. शंभरात साधारण चार जणी, एका स्वस्त इंजेक्शनच्या बदल्यात. कॅन्सरच्या नव्या औषधांच्या किमती ज्यांनी ऐकल्यात त्यांना या वाक्याचं वजन कळेल.

त्यावर आक्षेपही आले, आणि ते रास्त आहेत. दुसऱ्या गटाला पाण्याचं खोटं इंजेक्शन दिलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाला काय मिळालं हे सर्जनला ठाऊक होतं. दुसऱ्या देशांतही हा फरक दिसायला हवा. लिग्नोकेनचा गुण सोडियमच्या वाहिन्यांमुळे आला की दुसऱ्याच कशामुळे, हे या चाचणीतून ठरत नाही. हयात कोण आणि गाठ कुणाची परत आली एवढंच त्यात मोजलं होतं. टोचल्यानंतरच्या त्या सात-दहा मिनिटांत गाठीतल्या पेशी थबकल्या का, हे बघायला ऑपरेशन थिएटरमध्ये गायचा कॅमेरा नव्हता.